मोर्च्याआधी रात्री साडेदहाला नोटीस आली, त्यावरून (थोडं लांबलंय)

नांगरट
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, पण गेल्या महिन्यात आमच्याकडे जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

आमच्या गावातून बायपास चाललाय. मोजणी झाली, खांब रोवले, दर काय देणार ते कुणी नीट सांगेना. तीन निवेदनं दिली, तिन्हीवर पोच शिक्के आहेत, उत्तर एकाचंही नाही. मग ठरलं की मारुतीच्या देवळापासून प्रांत ऑफिसपर्यंत चालत जायचं, दोन तास ठिय्या, निवेदन द्यायचं आणि दुपारच्या गाईच्या धारा काढायला परत यायचं. घोषणापण ठरवून दिलेल्या, कुणाची आयमाय काढायची नाही म्हणून. पोलीस स्टेशनला आठ दिवस आधी अर्ज दिला.

आठ दिवस काही नाही. आणि आदल्या रात्री साडेदहाला पोलीस पाटील आणि एक शिपाई मोटरसायकलवर दारात. हातात नोटीस. पूर्वीची फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १४९ची, आता नवीन कायद्यात १६८. मजकूर असा की तुमच्या आंदोलनात काही अनुचित प्रकार घडला तर तुम्हाला जबाबदार धरलं जाईल आणि सदर नोटीस तुमच्याविरुद्ध कोर्टात पुरावा म्हणून वापरली जाईल. सात जणांना दिली. त्यात आमचे आण्णा, वय ७८, काठी टेकत संडासला जातात. शिवाय जिल्ह्यात सण-उत्सवांमुळे जमावबंदी लागू आहे, पाचजण एकत्र आलात तर गुन्हा. सण कुठला तर पुढच्या आठवड्यातला.

सकाळी सहाला मला आणि आणखी दोघांना "साहेबांनी चहाला बोलावलंय" म्हणून नेलं आणि संध्याकाळी पाचला सोडलं. खोटं कशाला बोलू, मारलं नाही, दोनदा चहा आणि दुपारी मिसळ दिली, तर्री चांगली होती. पण बसवून ठेवलं. इकडे गावातली साठेक माणसं तरीबी गेली, आणि पाचजण नको म्हणून चार-चारच्या टोळीनं, मधी दहा-दहा फूट सोडून चालत गेली, बघणाऱ्याला वाटावं वारीतल्या दिंड्या चुकल्यात.

त्यानंतर अकरा जणांवर चॅप्टर केस. तुमच्यामुळे शांतता भंग होण्याची शक्यता आहे, सबब चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र का घेऊ नये. आणि खरी गंमत पुढं आहे. ही सुनावणी कुणापुढं, तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांपुढं, म्हणजे प्रांतसाहेबांपुढं. आमच्या जमिनीचे भूसंपादन अधिकारी कोण, तर प्रांतसाहेबच. मोर्चा ज्यांच्या दारात न्यायचा होता तेच ठरवणार की आम्ही शांत माणसं आहोत का नाही.

मतदान दर पाच वर्षांनी करतोच की आम्ही, रांगेत उभं राहून, लग्नाला आल्यासारखी कापडं घालून. पण मधल्या पाच वर्षांत ज्याच्याबद्दल तक्रार त्याच्याच परवानगीनं तक्रार करायची असेल तर त्याला लोकशाही म्हणायचं की काय म्हणायचं ते जाणकारांनी सांगावं. माणूस म्हणून साहेब वाईट नाहीत, बोलायला चांगले आहेत, हे पण लिहून ठेवतो.

खवचट काका
मिसळीचं बिल सरकारी खर्चात धरलंय की बायपासच्या अंदाजपत्रकात? हलके घ्या.

चौथी सीट
सहानुभूती आहे पण दुसरी बाजू पण लिहितो. मी रोज अंबरनाथ ते सीएसएमटी करतो. २०२५च्या ऑगस्टअखेर आझाद मैदानावर मराठा आरक्षणाचं आंदोलन झालं तेव्हा परवानगी पाच हजार माणसांची होती आणि स्टेशनबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. २९ ऑगस्ट ते २ सप्टेंबर. शेवटी हायकोर्टाला सांगावं लागलं की रस्ते मोकळे करा. मागणी बरोबर का चूक त्यात मी पडत नाही, पण ऑफिसात लेट मार्क माझा लागला, त्याचं काय? सगळ्यांना हक्क आहे मग मला चालायचा हक्क नाही का. आणि परवानगी नसेल तर मग उद्या कोणीही उठेल आणि रस्त्यात बसेल.

अवांतर: दिल्लीतल्या शाहीनबागेच्या रस्त्यावरच्या धरण्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२०ला हेच सांगितलंय, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही.

नांगरट
@चौथी सीट, आम्ही रस्ता अडवणार नव्हतो, कडेनं चालणार होतो. चार किलोमीटर. वाटेत अडवण्यासारखं एक उसाचा ट्रॅक्टर सोडला तर काही नसतं.

काळा कोट
धागाकर्ते, आधी कामाचं. नोटिशीच्या सगळ्या प्रती, तारीख आणि किती वाजता मिळाली ते लिहून ठेवा. तुम्ही दिलेल्या अर्जाची पोच जपून ठेवा, ती सगळ्यात महत्त्वाची.

आता कायद्याचं, जमेल तेवढं सोप्या भाषेत. शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमणं हा राज्यघटनेच्या कलम १९(१)(ख) प्रमाणे हक्क आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता किंवा सार्वजनिक सुव्यवस्था एवढ्याच कारणांसाठी. म्हणजे हक्क आधी आहे, परवानगी नंतर. आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात ते उलटं बसलंय, वकिलांच्या सुद्धा.

१९७२मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठापुढे हिंमतलाल शहा यांची केस होती. अहमदाबादला सभेची परवानगी नाकारलेली, आणि कायदा कुठला तर आपलाच मुंबई पोलीस कायदा. कोर्ट म्हणालं, सभा-मिरवणुकांचं नियमन करा, वेळ ठरवा, मार्ग ठरवा, पण कुठलेही निकष न देता अधिकाऱ्याच्या मर्जीवर नकार सोडणारा नियम टिकणार नाही. तो नियम रद्द झाला. पन्नास वर्षं उलटली या गोष्टीला.

तुमच्या जमावबंदीचा आदेश बहुधा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७(१)(३)चा असणार. तो जिल्हाधिकाऱ्याला एका वेळी पंधराच दिवस काढता येतो. म्हणून कित्येक जिल्ह्यांत दर पंधरा दिवसांनी नवा निघतो, फक्त कारणाच्या जागी सण बदलतो. पेपरमध्ये कोपऱ्यात येतं ते, कुणी वाचत नाही. यावर फेब्रुवारी २०२०चा औरंगाबाद खंडपीठाचा निकाल जरूर वाचा. माजलगावात ईदगाह मैदानावर नागरिकत्व कायद्याविरुद्ध रोज संध्याकाळी धरणं धरायचं होतं, बीडच्या अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या अशाच आदेशाच्या आधारे नाकारलं. आदेश दिसायला सगळ्यांनाच लागू, कोर्टानं तो उलगडून बघितला आणि म्हणालं की हा प्रत्यक्षात या आंदोलकांना गप्प बसवण्यासाठीच आहे. रद्द केला. एका कायद्याला विरोध करायचाय एवढ्यावरून कुणाला देशद्रोही ठरवता येत नाही हेही त्यात आहे, आणि अहिंसक आंदोलनांमुळेच हा देश स्वतंत्र झालाय याची आठवणही.

त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टानं काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या केसमध्ये सांगितलं की जमावबंदीच्या कलम १४४चे आदेश, म्हणजे आताचं १६३, लोकशाहीतलं रास्त मतप्रदर्शन दाबायला वापरायचे नाहीत, आणि ते प्रसिद्ध करावे लागतील म्हणजे लोकांना आव्हान देता येईल.

@चौथी सीट, शाहीनबागेचं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण अर्धं. त्याच निकालात निदर्शनांचा हक्क मान्यच केलाय. बेमुदत रस्ता अडवणं वेगळं आणि दोन तास ठिय्या वेगळा.

चौथी सीट
हं. ते दोन तासांचं मान्य.

डायरी एंट्री
मी खात्यात ३३ वर्षं काढली, शिपाई म्हणून लागलो आणि फौजदार म्हणून रिटायर. नोटिशीबद्दल सांगतो. १४९ ही खरं म्हणजे पोलिसाची स्वतःची कातडी वाचवायची चिठ्ठी असते. उद्या दगड पडला तर वरून पहिला प्रश्न येतो, "नोटीस दिली होती का?" म्हणून आम्ही वाटायचो. गोपनीय शाखेचा माणूस गावात चहा पिऊन येतो, चार नावं सांगतो, त्या चारांची सात होतात कारण कमी नावं दिसली तर साहेब म्हणणार काम केलं नाही. आण्णांचं नाव तसंच आलेलं असणार. १९८०च्या कुठल्यातरी आंदोलनात होते का ते? जुन्या रजिस्टरमध्ये एकदा नाव चढलं की माणूस मरेपर्यंत उतरत नाही.

पण गर्दीचं ओझं काय असतं तेही ऐका. २३ नोव्हेंबर १९९४, नागपूरचं अधिवेशन, गोवारी समाजाचा मोर्चा. ११४ माणसं चेंगरून गेली, बाया आणि लेकरं जास्त. दिवसभर लोक उन्हात उभे होते आणि निवेदन घ्यायला कुणी पुढे आलं नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. नंतर बॅचच्या बॅचला त्यावर लेक्चरं झाली, बॅरिकेड कुठे लावायचं, बाहेर पडायची वाट किती रुंद ठेवायची. त्या मोर्च्याला सामोरं जायला कुणी पाच मिनिटं काढली असती तर, याच्यावर मात्र लेक्चर झाल्याचं आठवत नाही.

नांगरट
आण्णा १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या मोर्च्यात होते. त्यांना सांगितलं तर हसायला लागले, म्हणाले सरकारनं आठवण ठेवली म्हणायची.

जासईची नात
मी मुद्दाम लॉगिन केलं. आमच्या उरणात १६ आणि १७ जानेवारी १९८४ला काय झालं ते नव्या मुंबईत फ्लॅट घेणाऱ्या कितीजणांना माहीत आहे कोण जाणे. नवी मुंबई वसवायला सिडकोनं, म्हणजे सरकारी महामंडळानं, जमिनी घेतल्या, भाव कवडीमोल, दि. बा. पाटीलसाहेबांच्या मागे शेतकरी रस्त्यावर उतरले. दास्तान फाट्यावर गोळीबार झाला, दोन दिवसांत मिळून पाच माणसं गेली. माझा आजा तिथं होता. तो कधी गोळीबाराचं सांगायचा नाही, सांगायचा ते एवढंच की पळताना खाडीच्या चिखलात एक चप्पल गेली आणि दुसरी तो घरापर्यंत हातात घेऊन आला, का आणली ते त्यालाच माहीत नाही.

त्या आंदोलनातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना निघाली. आज तीच योजना सरकारी पुस्तिकांमध्ये सरकारचं कौतुक म्हणून छापतात. जानेवारीत जासईला हुतात्मा दिन असतो, मंत्री येतात, हार घालतात. जित्या माणसाला नोटीस नि मेलेल्याला हार.

खवचट काका
+१. एवढंच लिहितो, बाकी काही सुचत नाही.

पंतांचा वाडा
सगळे एकाच सुरात बोलतायत म्हणून. स्वतः बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात सांगितलंय की आता घटना आली, सत्याग्रह, असहकार, कायदेभंग हे मार्ग सोडून द्या, ते अराजकाकडे नेतात. संविधान संविधान करणाऱ्यांनी हे पण वाचावं. निवडणूक आहे, कोर्ट आहे, मग रस्त्यावर कशाला?

नांगरट
वाचलंय. पण त्यात एक अट आहे ती तुम्ही गाळलीत. सनदशीर मार्ग उघडे असताना, असं ते म्हणतात. मार्गच नव्हते तेव्हा ते मार्ग वापरणं समजू शकतं, असंही. माझी तीन निवेदनं फायलीत आहेत, चौथं हातात घेऊन चार किलोमीटर चालणं हा कायदेभंग कसा हो? निवेदन देणं याहून सनदशीर काय असतं?

काळा कोट
यात महाडचं सांगायला हवं. डिसेंबर १९२७ची दुसरी परिषद. मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी पिऊन झालेलं, नंतर मारहाण झालेली, आणि आता विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम आणलेला. हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीनं जमलेले. बाबासाहेबांनी लोकांची समजूत घातली, सत्याग्रह स्थगित केला, तळ्याभोवती शांतपणे मिरवणूक काढली आणि दावा लढवला. हायकोर्टाचा शेवटचा निकाल मार्च १९३७ला लागला, बाजूनं. कोर्टाचा हुकूम त्यांनी पाळला, पण परिषद भरवायचं थांबवलं नाही, मिरवणूक काढायची थांबवली नाही. आणि मधल्या काळात, २ मार्च १९३०ला, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला तो पुढं काही वर्षं चालला. म्हणजे १९४९चं ते वाक्य घराबाहेर पडू नका असं सांगणाऱ्या माणसाचं नाही.

पंतांचा वाडा
प्रतिसाद काढून टाकला आहे.

पंतांचा वाडा
रागात लिहिलेलं काढलं. महाडचा मनाईहुकूम माहीत नव्हता. तरी माझं म्हणणं आहे की आज आंदोलनं पक्षांच्या गाड्यांतून येतात, डोक्यावर टोपी सकाळी एका रंगाची आणि दुपारी दुसऱ्या. त्याला काय म्हणायचं?

डायरी एंट्री
ते खरंय. आणि सत्तेत असलेल्याच्या मोर्च्याला १४९ जात नाही, हेही खरंय. पक्ष बदलला की नोटिशीवरची नावं बदलतात, फॉर्म तोच. मी सगळ्यांच्या राज्यात वाटल्यात.

म्हापशाचो पाव
गोंयातल्यान एक जोडतो. पोर्तुगिजांच्या राज्यात सभा घ्यायला सुद्धा सरकारची परवानगी लागायची. १८ जून १९४६ला मडगावात डॉ. लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी परवानगी न घेता सभा केली, लोहियांना बोलायला लागल्या लागल्या अटक. आज पणजीत त्या तारखेच्या नावाचा रस्ता आहे, १८ जून रोड, सगळी दुकानं तिथेच, पार्किंग मिळत नाही. भाषण पुरं झालंच नाही तरी रस्त्याला नाव लागलं बघा.

कातळसडा
राजापूर तालुक्यातून. बारसूबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? एप्रिल २०२३, रिफायनरीसाठी मातीचं परीक्षण. सडा म्हणजे काय ते घाटावरच्यांना सांगतो, उघडा जांभा कातळ, उन्हाळ्यात दुपारी अनवाणी उभं राहून दाखवा. त्या उन्हात आमच्याकडच्या बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. जमावबंदी आधीच लावलेली, पुढाऱ्यांना तालुक्यात यायला बंदीच्या नोटिसा, शंभराच्या वर माणसं ताब्यात, मग २८ तारखेला लाठ्या आणि अश्रुधूर. टीव्हीवर एकच प्रश्न, विकास हवा की नको. आंब्याच्या सीझनमध्ये कोकणी माणूस बाग सोडून सड्यावर जातो म्हणजे त्याला काहीतरी वाटत असेल, एवढं तरी विचारा की.

आणि जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, १८ एप्रिल २०११, नाटे गावात गोळीबार, एक मच्छीमार गेला. सरकार तेव्हा दुसऱ्यांचं होतं. डायरी एंट्री म्हणतात तसंच, फॉर्म तोच.

बर्लिनचा भाऊराव
इथे वेगळं कसं आहे ते सांगतो, इथे सगळं छान असं म्हणायचं नाही, पोलीस इथेही ढकलतात आणि काही विषयांवरचे मोर्चे इथेही बंद पाडतात. पण जर्मन घटनेच्या कलम ८ मध्ये शब्दच असे आहेत की शांततेनं, विनाशस्त्र जमायला पूर्वसूचना किंवा परवानगी लागत नाही. उघड्यावरच्या सभांसाठी कायदा आहे, त्यात जाहीर करायच्या ४८ तास आधी फक्त कळवायचं. कळवायचं, मागायचं नाही. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी ऑफिसातल्या जर्मन पोरीला विचारलं की मग परवानगी कोण देतं, तिला प्रश्नच कळेना. आम्ही दोघं पाच मिनिटं एकमेकांकडे बघत बसलो.

नांगरट
"कळवायचं, मागायचं नाही". हे मी आमच्या पुढच्या अर्जात वापरणार. अर्जाची सुरुवातच आम्ही "परवानगी मिळणेस विनंती अर्ज" अशी केलेली, झेरॉक्सवाल्यानं तयार नमुना दिला होता त्यात तसंच छापलेलं.

चौथी सीट
काल रात्री घरी हा धागा वडलांना वाचून दाखवला. ते गिरणगावात वाढले. ते म्हणाले की तुझा पगार ज्या राज्यात होतो ते राज्यच मोर्च्यातून आलंय. २१ नोव्हेंबर १९५५, फ्लोरा फाउंटन, विधानसभेवर मोर्चा चाललेला, जमावबंदी तेव्हाही होती, आणि गोळीबारात १५ जण गेले. जानेवारीत परत. सगळे मिळून १०६. केंद्रात अर्थमंत्री असलेल्या सी. डी. देशमुखांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत विचारलं की गोळीबाराची चौकशी का नाही. मी रोज हुतात्मा चौकातून जातो ऑफिसला, कारंज्याकडे बघतो, बस कुठली आली ते बघतो, त्या मशालीवाल्या पुतळ्याकडे नीट बघितलंय असं आठवत नाही.

ते २०१८चं पण म्हणाले. नाशिकहून शेतकरी आलेले, १२ मार्चला, दहावीचा पेपर होता म्हणून सोमय्या मैदानावरनं रात्रीच उठून चालत आझाद मैदान गाठलं, पोरांना त्रास नको. तेव्हा पायाला फोड आलेल्यांना मुंबईकरांनी चपला वाटल्या होत्या. लेट मार्कचं माझं म्हणणं तरी कायम आहे, पण तेवढ्यावर अडून नाही बसत.

खवचट काका
हृदयपरिवर्तन! धागा सुफळ संपूर्ण का?

काळा कोट
कसला संपूर्ण. जुलै २०२५मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, त्यात बेकायदेशीर कृत्याची व्याख्या वाचा कुणीतरी. शब्द इतके ऐसपैस आहेत की सार्वजनिक व्यवस्थेत अडथळा आणण्याचा कल एवढंही पुरतं. कल! नांगरटांच्या चार-चारच्या दिंडीचा कल कुठे होता हे कोण ठरवणार. पण त्याला वेगळा धागा काढते, इथे मिसळ नको.

नांगरट, तुमची तारीख कधी आहे? लेखी म्हणणं द्या, एक ओळीचं नको. अर्जाची पोच, निवेदनांच्या पोचा, मोर्चा शांततेत झाला त्याचे फोटो जोडा. आणि साहेब स्वतःच भूसंपादन अधिकारी आहेत, सबब प्रकरण दुसऱ्या दंडाधिकाऱ्यांकडे वर्ग करावं असा वेगळा अर्ज द्या. नाकारला तरी चालेल, रेकॉर्डवर येईल.

नांगरट
ताई, कालच तारीख होती. वर्ग करायचा अर्ज दिला, साहेबांनी वाचला, हसले, म्हणाले ठेवून जा. पुढची तारीख १४. लेखी म्हणण्यात आण्णांचं एक वाक्य घातलंय, माझ्याकडून शांतता भंग होण्याची शक्यता गुडघ्यांमुळे कमी आहे.

एक अडचण आहे, कुणाला माहीत असेल तर सांगा. बंधपत्राला लायक जामीनदार मागितलाय, सातबारा जोडा म्हणाले. गावात ज्यांची ज्यांची तयारी आहे त्यांच्या सगळ्यांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात बायपासच्या संपादनाचा शेरा पडलाय. क्लार्क म्हणतो शेरा असलेला उतारा चालणार नाही, जमीन तुमची राहणार नाही ना. शेजारच्या गावातला चालेल का?

काळा कोट
चालतो. त्याच तालुक्यातला बघा, आणि आठ-अ पण न्या सोबत.